ताई, ते आधीच ठरलं होतं

हेमाताई, परवा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तुमची शोकसभा झाली. ती इतकी वाईट चालवली गेली की तुम्ही असता तर मधेच उठून चालत्या झाला असता. चारची सभा पावणेपाचला सुरू झाली. कोण बोलणार, किती वेळ बोलणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. छोटे साहेब, म्हणजे मालकांचे चिरंजीव, पंचवीस मिनिटं बोलले. त्यातली पंधरा मिनिटं नव्या प्लांटबद्दल. मग एचआरचा माणूस बोलला. मग एक बाई बोलल्या, ज्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य होतंच: "ताईंनी नेहमी सगळ्यांचं ऐकून घेतलं." चौथ्यांदा ते वाक्य आलं तेव्हा माझ्या हातातल्या फुलाचा देठ मोडला होता.

"प्रज्ञा, तू त्यांच्या सगळ्यात जवळची, तू बोल," म्हणत कुणीतरी माईक माझ्या हातात कोंबला. मी म्हटलं, "मला मीटिंग घ्यायला ताईंनी शिकवलं. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत." आणि खाली बसले. लोकांना वाटलं, हिला रडू आवरत नाही. रडू नव्हतं, ताई. राग होता. तुमच्या हार घातलेल्या फोटोपुढे, तुमच्या मुलाच्या देखत तो काढणं मला जमलं नाही. म्हणून आता काढते.

मीटिंग हा प्रकार मला घरून माहीत होता. माझे बाबा ज्या जयंती मंडळात होते त्याची मीटिंग कोपरखैरण्यात आमच्या घराच्या ओट्यावर भरायची. सगळे एकदम बोलायचे, ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, आणि दोन तासांनी मिरवणुकीचा रस्ता ठरायचा तो गेल्या वर्षीचाच. त्यामुळे बारा वर्षांपूर्वी मी रबाळ्याच्या आपल्या कारखान्यात लागले, औषधांची खोकी आणि लेबलं तपासायच्या कामावर, तेव्हा पहिल्या सोमवारी मी भिंतीला टेकून मागे उभी राहिले. वेळ काढायचा, एवढंच.

तुम्ही प्लांट मॅनेजर. कॉटनची साडी, पायात सपाता, हातात खडू. फळ्यावर तुम्ही लिहिलंत: 'या आठवड्यात कुठलं मशीन आपल्याला दगा देईल?' आणि वळून थेट माझ्याकडे बोट केलंत.

"तू बोल गो. नवीन हायस ना?"

"मॅडम, मला अजून काहीच माहीत नाही."

"म्हनूनच तुना विचारतेय. आमच्या कानांना सवय झालीय."

मला तीन नंबरच्या मशीनचा एक आवाज दोन दिवस खटकत होता. घाबरत घाबरत सांगितला. कुणी हसलं नाही. तुम्ही तो माझ्या नावासकट वहीत लिहिलात. दुपारी मेकॅनिकने मशीन उघडलं, बेअरिंग खलास झालं होतं. संध्याकाळी तो सगळ्यांवर खेकसणारा मेकॅनिक मुद्दाम माझ्याकडे येऊन "बरोबर पकडलं" म्हणून गेला. त्या दिवशी घरी जाताना मी चालत नव्हते, तरंगत होते, ताई. बावीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात भरल्या खोलीत मला पहिल्यांदा कुणी काही विचारलं होतं.

तुमची पद्धत पुढे मला तोंडपाठ झाली. फळ्यावर विषय लिहायचा नाही, प्रश्न लिहायचा. 'रजा' असं लिहिलं की लोक रडगाणं गातात. 'गणपतीच्या चार दिवसांत मशीन कोण सांभाळणार?' असं लिहिलं की माणसं हिशेब करायला लागतात. सगळ्यात नवा माणूस सगळ्यात आधी बोलणार, तुम्ही सगळ्यात शेवटी. "साहेब आधी बोलला की मीटिंग तितंच संपते, बाकी निसती आरती," असं तुम्ही म्हणायचात. उठायच्या आधी कोण काय करणार ते ज्याने त्याने आपल्या तोंडाने म्हणायचं. तुम्ही कुणाच्या वतीने म्हणायचा नाहीत.

यादवची ती चूक आठवते? दोन ताकदींच्या गोळ्यांची लेबलं एकाच खोक्यात गेली आणि गिऱ्हाइकाने पकडलं. मोठे मालक स्वतः आले, म्हणाले, "ज्याने केलंय त्याला आज काढा." दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावर 'कुणी केलं?' असं लिहिलंच नाही. लिहिलंत, 'हे आपल्यापैकी कुणाहीकडून कसं झालं असतं?' आणि गप्प बसलात. शेवटी मशीनवरचा यादव म्हणाला, "मॅडम, मेरे से हुआ है." लेबलांचे दोन्ही रोल एकाच रंगाचे, एकाच मांडणीत, आणि त्याचा चष्मा फुटलेला. तुम्ही सगळ्यांसमोर त्याचे आभार मानलेत. मांडणी त्याच दिवशी वेगळी केलीत. मालकांना सांगितलंत, "याला काढलात तर पुढची चूक आपल्याला आपला मानूस सांगनार नाय, गिऱ्हाईक सांगंल." यादवची नोकरी राहिली. ते बघताना मला वाटलं होतं, माणसाने असं व्हावं.

मग तुम्ही सोमवारची मीटिंग माझ्याकडे सोपवलीत आणि मागे जाऊन माझ्याच भिंतीला टेकून उभ्या राहायला लागलात. नंतर जेवताना माझी चिरफाड. तुमच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकायची आणि सुरू करायचं. "तीनदा 'बरोबर ना?' म्हनालीस. असं विचारल्यावर नाय कोन म्हननार?" "सुनीता दोनदा तोंड उघडून गप बसली, तू बघितलं नाय." "प्रश्न टाकलास ना, मग मनात सात आकडे मोज. चारवरच तुजी जीभ वळवळते." मला राग यायचा, मी वाद घालायची, तुम्ही हसायचात. त्या जेवणाची मला अजून भूक लागते. हे मान्य करते. पण यामुळे बाकीचं माफ होत नाही.

कारण अशाच एका दुपारी तुम्ही मला तुमच्या आज्याची गोष्ट सांगितली होती. तुम्ही घणसोली गावच्या. नवं शहर वसवायला जमिनी घ्यायच्या होत्या तेव्हा गावातल्या शाळेत सभा झाली. साहेब लोक गाडीतून आले, म्हणाले, आम्ही तुमचं म्हणणं ऐकायला आलोय. तुमचा आजा उठून अर्धा तास बोलला. खाडीचं पाणी कुठून शिरतं, कुठला बांध फुटला तर कुठलं शेत खारं होतं, कुठे घरं बांधलीत तर दर पावसात पाणी भरेल. साहेबांनी मान हलवली. सभा संपली. तेव्हा टेबलावरचा कागद आज्याने पाहिला. नकाशा छापून तयार होता. त्याच्या शेतावरून रस्ता गेलेला होता.

"माजा आजा जमीन गेल्याचं दुःख करीत नव्हता गो," तुम्ही म्हणालात. "ती कदी ना कदी जानारच, त्याना म्हायत होतं. पन मरंपर्यंत एकच बोलं, मना अर्धा तास बोलू का दिलं?"

हे तुम्ही मला सांगितलंत, ताई. तुमच्या तोंडाने. भाकरीचा घास हातात धरून.

आणि दोन वर्षांपूर्वी तुम्ही तेच केलंत.

फळ्यावर तुमच्या अक्षरात प्रश्न आला: 'कारखाना खालापूरच्या पुढे न्यावा का?' रबाळ्याहून दीड-दोन तासांची वाट. दर सोमवारी तासभर, सहा आठवडे. तुम्ही म्हणालात, सगळ्यांनी मोकळेपणाने सांगा, काय जमेल, काय जमणार नाही. त्यातल्या निम्म्या मीटिंगा मी घेतल्या. आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे उत्तम घेतल्या. सात आकडे मोजले. जो खिडकीबाहेर बघत होता त्याला बोलतं केलं. माणसं बोलली. जी दहा वर्षांत बोलली नव्हती ती बोलली. पॅकिंगची सुनीता, मूळची जालन्याकडची, दिघ्याला डोंगरउतारावर राहणारी, कधी कुणाला घरचं न सांगणारी. ती उभी राहून म्हणाली, "माझी सासू अंथरुनावर हाय. सकाळी तिची अंघोळ, कपडे मीच करते. आठच्या आधी मला घर सोडता येत नाही. तिकडं गेलं कंपनी तर मी नाही येऊ शकनार." हे बोलताना ती पदराचं टोक पिळत होती. मी तिला म्हटलं, "बरं झालं सांगितलंस." वहीत लिहून घेतलं. नावासकट.

पाचवी मीटिंग झाली त्या गुरुवारी इलेक्ट्रिकचा कंत्राटदार माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "मॅडम, नवीन जागेत तुमच्या तपासणीच्या लॅबचे लाइटचे पॉइंट कुठं काढू?" आणि समोर नकाशा पसरला. भिंती, खिडक्या, शौचालयं, सगळं पक्कं. कोपऱ्यात तारीख होती, पहिल्या मीटिंगच्या चार महिने आधीची. तारखेखाली तुमची सही. तुमचा तो 'ह' मी झोपेतही ओळखला असता.

तुमच्या केबिनचं दार मी ढकलूनच उघडलं.

"ताई, हे पहिल्या मीटिंगच्या आधी ठरलं होतं?"

तुम्ही नकाशाकडे पाहिलंत. खोटं बोलला नाहीत, एवढं कबूल करते. "होय," म्हणालात. "दार लाव."

"मग आम्ही पाच आठवडे काय करत होतो?"

"बस आधी."

"नाही बसत. काय करत होतो आम्ही?"

मग तुम्ही समजावायला लागलात. मालक तर नोटीस लावून मोकळे होणार होते, एक महिन्यात या नाहीतर जा. तुम्ही त्यांच्याकडे सहा आठवडे मागून घेतलेत. त्या मीटिंगांतून तुम्हाला कळलं, कुणाला कुठून बस लागेल, कुणाची पोरं लहान, कुणाला पाळी बदलून हवी. ते घेऊन तुम्ही मालकांशी भांडलात आणि बस मिळवलीत, पाळणाघर मिळवलंत. "ठरलंय असं पयल्या दिवशी सांगितलं असतं तर कोन बोललं असतं? सगळे भांडत बसले असते."

"मग भांडू द्यायचं होतं! भांडायचा हक्क होता त्यांचा. तुम्ही तोच काढून घेतलात."

"हक्क घेऊन बस मिलनार होती काय?"

"फळ्यावर खरा प्रश्न लिहायचा होता, ताई. जायचं ठरलंय, आता कसं जायचं? एवढंच. हेच सगळं तुम्हाला तरीही कळलं असतं. सुनीताने घरचं सगळ्यांसमोर काढलं ते तिला वाटलं म्हणून, की तिच्या बोलण्याने काही ठरणार आहे."

"मालकांनी मना सांगितलं होतं, बोलायचं नाय. माजी पन नोकरी हाय. तू लहान हायस अजून, तुना नाय कलनार."

आणि मग मी ते बोलले. माझ्या तोंडून गेलं, पण मी बोलले ते ठरवून, नेम धरून. "तुमच्या आज्यालाही त्या साहेबांनी असाच अर्धा तास बोलू दिला होता."

तुमचा चेहरा कसा झाला ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही फक्त म्हणालात, "माज्या आज्याचं नाव तोंडात घेऊ नकोस. जा."

इथपर्यंत मी बरोबर होते आणि तुम्ही चूक होतात. आजही मी हेच म्हणते. तुम्ही मेलात म्हणून त्यात बदल होत नाही. पण पुढचं मला जास्त सलतं. तुम्ही शनिवारी मला निरोप पाठवलात: सोमवारची मीटिंग तूच घे. मी नाही म्हणू शकले असते. रजा टाकू शकले असते. उभी राहून सगळ्यांना सांगू शकले असते. यांतलं काहीच केलं नाही. घरी हप्ता होता, बाबांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला अजूनही तुमची शाबासकी हवी होती. मी फळ्यापुढे उभी राहिले. तुम्ही मागे, भिंतीला टेकून. मीटिंग संपत आली आणि सुनीताने हात वर केला.

"प्रज्ञा, एक सांग. हे ठरलंय का?"

तेव्हा ती मला प्रज्ञाच म्हणायची. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही वहीत काहीतरी लिहीत होतात. काय लिहीत होतात, ताई? त्या क्षणी लिहिण्यासारखं काय होतं? सात आकडे मोजायला शिकवलंत तुम्ही. मी मोजले. एक ते सात. तुम्ही मान वर केली नाहीत.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

आठ दिवसांनी नोटीस लागली. सुनीता माझ्या टेबलाशी आली, आवाज न चढवता म्हणाली, "तुमाला माहीत होतं." मी टेबलावरचे कागद सरळ करत राहिले. "बरं, मॅडम," म्हणाली. पुढच्या महिन्यात ती गेली. तिच्यासारखे एकूण अकरा जण गेले. बाकीचे तुमच्या बसमध्ये बसून खालापूरच्या पुढे जायला लागले. रबाळ्यात उरलं फक्त ऑफिस, कॅन्टीन आणि गोदाम. तुमची बस चांगली आहे. पाळणाघरही चांगलं आहे. मी रोज ते बघते आणि मला चीड येते, कारण तुम्ही सगळंच वाईट केलं असतं तर तुमचा नुसता तिरस्कार करता आला असता.

त्या दिवसापासून आपण एकत्र जेवलो नाही. सहा महिन्यांनी तुम्ही राजीनामा दिलात. कारण लिहिलं 'घरगुती'. मला वाटलं, बाईने आपलं काम साधलं, आता निवांत घरी बसणार. तुमच्या पोटात काय वाढत होतं ते मला कुठे ठाऊक होतं! तेही तुम्ही लपवलंत. तुमचा मुलगा सांगत होता, डॉक्टरांनी तुम्हाला दीड वर्ष आधीच सांगितलं होतं, आणि तुम्ही घरच्यांसमोर सुट्टीत गोव्याला जायचे बेत आखत होतात. नातवंडांना विचारत होतात, बीचवर जायचं की देवळात आधी? म्हणजे तिथेही तेच. सगळं ठरलेलं असताना लोकांना मतं विचारत बसायची तुमची ही खोड. मला सांगा, जे होणार आहे ते माणसांना सांगायची तुम्हाला एवढी भीती का वाटायची? तुम्हीच ना म्हणायचात, माणसाला खरं सांगितलं तर तो पेलतो, म्हणून?

दोन महिन्यांपूर्वी तुमचा मेसेज आला. 'ये एकदा.' एवढाच. दीड वर्षात पहिला. मी तो तीनदा वाचला आणि लिहिलं, 'बघते ताई, या आठवड्यात जरा काम आहे.' काम नव्हतं. मला वाटलं, तुम्ही आता पुन्हा ती बस आणि ते पाळणाघर मला समजावणार. मला तुमच्या दारात येऊन हरायचं नव्हतं. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. आजारी आहे एवढं एक अक्षर तरी टाकायचं होतं! मी धावत आले असते. पण नाही. त्या मेसेजमध्येही अर्धंच सांगितलंत.

आता परवाची गोष्ट. तुमच्या शोकसभेत सगळ्यात मागे, पाण्याच्या कूलरजवळ सुनीता उभी होती. मी तिला दीड वर्षाने पाहिलं. बोलावलं कुणी नव्हतं, बोलायला सांगायचं तर कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आणि ती रडत होती, ताई. तोंडाला रुमाल लावून, खांदे हलवून. मला कळेना. तिने रडायचं काय कारण? सभा सुटल्यावर मी गर्दीतून तिच्याकडे गेले तोवर ती निघून गेली होती.

काल रविवार होता. मी दिघ्याला गेले. चढ चढून, दोनदा पत्ता विचारून, तिचं घर शोधलं. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि "या, मॅडम," म्हणाली. सासूबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्यांचा पलंग अजून तिथेच होता, वर घड्या केलेले कपडे.

"शेवटपर्यंत अंघोळ मीच घातली," ती म्हणाली. "त्या कामासाठी नोकरी गेली त्याचं मला वाईट नाही वाटत."

मी सरळ विचारलं, "तू ताईंसाठी का रडत होतीस?"

तिला नवल वाटलं. "तुमाला माहीत नाही? त्या आलत्या ना इथं. मागच्या वर्षी."

आणि तिने सांगितलं. तुम्ही हा चढ एकट्या चढून आलात. तीनदा वाटेत बसलात, पोट धरून. शेजारच्या पोरांनी पाणी दिलं. आत येऊन जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "सुनीता, तू विचारलंस तेवा ठरलेलं होतं. मना म्हायत होतं. प्रज्ञाला मी पुढं केली." सुनीताने तुम्हाला शिव्या घातल्या. तिच्याच शब्दांत, "मनात होत्या नव्हत्या तेवढ्या." तुम्ही दोन तास बसून ऐकलंत. एकदाही बस म्हणाला नाहीत, पाळणाघर म्हणाला नाहीत. जाताना एवढंच विचारलंत, आता तू काय करतेस? आणि आठ दिवसांनी तिला फोन करून रबाळ्यातल्याच एका डबे पुरवणाऱ्या किचनचा पत्ता दिलात, घरापासून जवळचा, नऊला सुरू होणारा.

"सगळ्यांकडं गेलत्या त्या," सुनीता म्हणाली. "अकरा जनांकडं. एकानं तर दार पन उघडलं नाही, तर पायरीवर बसून राह्यल्या."

अकरा घरं, ताई. आजारी पोटाने. आणि माझं बारावं घर कोपरखैरण्यात, तुमच्या घणसोलीच्या शेजारी, रिक्षाने दहा मिनिटांवर.

"माझ्याकडे का नाही आल्या?" मी विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण सुनीताने माझ्या पुढ्यात पाणी ठेवलं.

"मी विचारलं त्यांना. म्हनलं, प्रज्ञाकडं गेला का? तर म्हनाल्या, 'तिना माज्या आज्याचं नाव काढलं. खरं बोलली म्हनून लागलं. तिच्यासमोर कंच्या तोंडानं जाऊ?'"

खरं बोलली. हे तुम्ही सुनीताला सांगितलंत! आपल्या दोघींचं भांडण, जे मी दीड वर्ष मनात रोज लढले, अंघोळ करताना, बसमध्ये, भाजी निवडताना, प्रत्येक वेळी तुमची बाजूही मीच मांडली आणि मीच खोडली, ते तुम्ही केव्हाच सोडून दिलं होतंत. दिघ्याच्या डोंगरावर, माझ्या पाठीमागे. ज्या बाईने मला शिकवलं की कुणाबद्दल बोलायचं ते त्याच्या समोर, त्याच खोलीत बोलायचं, तिने माझ्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट दुसऱ्याच खोलीत सांगितली. 'ये एकदा' म्हणजे हेच होतं ना? हेच सांगायचं होतं? मग ते लिहायचं होतं! 'तू बरोबर होतीस, ये.' चार शब्द. मी रिक्षाही न शोधता पळत आले असते.

आणि मी गेले असते तर काय म्हटलं असतं, तेही मला काल सुनीताच्या घरात कळलं. मी म्हटलं असतं, ताई, आज्याचं नाव मी तुम्हाला दुखवायला काढलं. मुद्दा खरा होता, पण तो मी सुरीसारखा वापरला. आणि त्यानंतर चारच दिवसांनी त्याच फळ्यापुढे उभी राहून मी तुमच्यापेक्षा वाईट वागले. तुम्ही गप्प बसलात. मी तोंडाने 'नाही' म्हटलं. तुम्ही मला ढकललंत हे खरं, पण जीभ माझी होती. दीड वर्ष मी तुमच्यावर चिडून राहिले, कारण तुमच्यावर चिडलेलं असताना हे बघावं लागत नव्हतं. तुम्ही अकरा घरं फिरलात. मी एकही नाही. तुमची शोकसभा होईपर्यंत मला दिघ्याचा चढही माहीत नव्हता.

ते मी सुनीताला म्हटलं. "मी आधी यायला हवं होतं. त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले."

तिने लगेच काही माफ वगैरे केलं नाही. "त्या आल्या तेवा मी दोन तास बोलले," म्हणाली. "आता परत तेवढं बोलायचा जोर नाही मला." मग बराच वेळ ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मी बसून राहिले. समजावलं नाही. कारणं सांगितली नाहीत. एवढं तरी जमलं.

मग तिने स्वतःच विषय काढला. किचनमध्ये गेल्या महिन्यात तिला सुपरवायझर केलंय. हाताखाली वीस बायका. मालकाने ठरवलंय, पुढच्या महिन्यापासून काम नऊऐवजी सातला सुरू होणार, कारण कंपन्यांना डबा लवकर हवा. तिला सांगितलंय, बायकांची मीटिंग घे आणि त्यांना विश्वासात घे.

"मी कदी घेतली नाही मीटिंग," ती म्हणाली. "तुमी शिकला होता ना त्यांच्याकडून. सांगा मला. पयलं काय बोलायचं?"

मला सगळं आठवलं, ताई. फळ्यावरचा प्रश्न, नव्या माणसाला आधी, सात आकडे, ज्याने त्याने आपल्या तोंडाने. ते सगळं मी तिला नंतर सांगितलं, तासभर बसून सांगितलं. पण पहिलं ते नव्हतं.

"पहिलं हे सांगायचं," मी म्हटलं, "की काय ठरलेलं आहे आणि काय अजून ठरायचं आहे. सातची वेळ ठरलीय, ती मी ठरवलेली नाही, ती बदलणं माझ्या हातात नाही, हे तोंडावर सांग. त्या चिडतील. चिडू दे. तू मधे बोलू नकोस. मग विचार, सातला यायचं तर कुणाची काय अडचण आहे आणि मालकाकडे आपण काय मागायचं. आणि कुणी विचारलं, हे ठरलंय का, तर हो म्हण."

तिने ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं, हळूहळू, एकेक ओळ. मग पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं.

"हे ताईंनी शिकवलं?"

"हो," मी म्हटलं. "पण एकदा त्यांनी स्वतः हे केलं नाही."

"तुमीपन," सुनीता म्हणाली.

"मीपण," मी म्हटलं.